पडद्यावरचा ठोका

तीस दिवसांच्या गर्भाचं हृदय सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयासारखं दिसत नाही. काळ्या पाण्यात एक करडा दाणा असतो आणि त्या दाण्याच्या मधोमध काहीतरी लुकलुकत असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते बोट ठेवून दाखवावं लागतं. कान्हे स्टेशनपासून आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या एका गावात मी गोठ्याच्या मालकीणबाईंना, मावशींना, ते दाखवलं, तेव्हा त्यांनी पदराला हात पुसले आणि पडद्याजवळ आल्या. म्हैस खोड्यात बांधलेली होती. माझा एक हात खांद्यापर्यंत प्लॅस्टिकच्या हातमोज्यात आणि तो मोजा म्हशीच्या आत. दुसऱ्या हाताने मी छोटं मशीन त्यांच्याकडे वळवलं होतं.

"इथे बघा मावशी. हलतंय ना?"

"व्हय की." बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "एवढंसं? आन् त्येला आत्ताच जीव?"

"आत्ताच."

"लय घाई झालीया त्येला," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मी पशुवैद्यकाची पदवी घेतली होती, पण दवाखान्यात न बसता विद्यापीठात पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषय होता प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र. त्यातही माझा प्रश्न अगदी लहानसा होता. उन्हाळ्याच्या तोंडावर गाभण राहिलेल्या म्हशींचे गर्भ पहिल्या दोन महिन्यांत इतके का जातात? म्हशीचं कातडं काळं, तिला घाम कमी येतो, म्हणून ती पाण्यात डुंबते. पण आता डुंबायला जागा उरलेली नाही. ओढ्याकाठी बंगल्यांचे प्लॉट पडले, गोठ्यांवर कौलांच्या जागी पत्रे आले. दुपारी अडीच वाजता त्या पत्र्याखाली उभं राहिलं की मला स्वतःला गरगरायचं.

मी काही गोठ्यांमध्ये पाण्याचे बारीक फवारे बसवले होते आणि काही गोठे जसे होते तसेच ठेवले होते. दोन्हींकडच्या म्हशींचं तापमान घ्यायचं, कुशीकडे बघत एका मिनिटाचे श्वास मोजायचे, रक्त काढायचं आणि तिसाव्या, पंचेचाळिसाव्या, साठाव्या दिवशी गर्भ आहे का ते बघायचं. कुठल्या गोठ्यात फवारे आणि कुठल्यात नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. तसंच करावं लागतं, नाहीतर आपण नकळत आपल्या आवडत्या माणसांना फवारे देऊन बसतो. मावशींच्या नावाची चिठ्ठी 'जसं आहे तसं' या डब्यात पडली.

त्यांच्याकडे तीन म्हशी होत्या. त्यातली एकच माझ्या अभ्यासात होती, एक शिंग खाली वळलेली, तिसऱ्या वेताची. तिचा मावशींवर फार जीव होता. मावशी अंगणात बोलायला लागल्या की ती गोठ्यातून ओरडायची. मावशींचे यजमान वारले होते. मुलगा तळेगावच्या एका कंपनीत पाळीवर जायचा. गोठा पूर्णपणे मावशींचा होता.

मार्चच्या शेवटी एकदा त्यांनी मला विचारलं, "औंदा ऊन लवकर चढलंय. दुपारचं दोन बादल्या पानी टाकू का हिच्या अंगावर?"

मी म्हणाले, "तुम्ही नेहमी टाकता तेवढंच टाका. जास्त नको. नाहीतर माझा हिशोब चुकेल."

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हनशील तसं."

हे वाक्य मी तेव्हा किती सहज ऐकलं ते मला अजून आठवतं. आपण सांगितलेलं कोणी नीट पाळतंय याचं मला बरंच वाटलं होतं.

त्याच आठवड्यात मला कळलं की मलाही दिवस गेले आहेत.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवरा लोणावळ्याचा, नोकरी तळेगावात, म्हणून आम्ही तळेगावातल्या एका सोसायटीत राहत होतो. शेवटची चार वर्षं आमची मुलासाठी वाट बघण्यात गेली होती. तपासण्या, गोळ्या, तारखा. मी रोज जनावरांच्या माजाच्या तारखा लिहायचे आणि घरी आल्यावर माझ्या. एकदा तर मी चुकून माझी तारीख म्हशींच्या तक्त्यात लिहिली होती. मग खोडली.

सातव्या आठवड्यात आम्ही दोघं तळेगावातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नोव्हेंबरची तारीख सांगितली आणि पडदा आमच्याकडे वळवला. नवऱ्याला काही दिसेना. तो आपला नुसताच मान हलवत होता. मी त्याचा हात धरला आणि त्याचं बोट हवेतच पडद्याच्या दिशेने नेऊन म्हणाले, "तिथे. लुकलुकतंय बघ." त्याला दिसलं, तेव्हा त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये त्याला आपली गाडी सापडेना. ती समोरच होती.

घरी कोणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. लोणावळ्याला त्याच्या आईलासुद्धा तीन महिने झाल्यावरच सांगणार होतो. पण मावशींना न सांगताच कळलं. मी त्यांच्या गोठ्यात पेंडीच्या पोत्याजवळ बसून लिहीत होते आणि पेंडीच्या वासाने एकदम उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"कितवा?"

"काय कितवा?"

"म्हैना गं."

मी दोन बोटं दाखवली. त्यांनी काही आनंद वगैरे दाखवला नाही. घरात गेल्या, एक स्टूल घेऊन आल्या, पदराने पुसून माझ्यापुढे ठेवलं. "आता खाली बसून लिव्हायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी गेले की ते स्टूल गोठ्याच्या दाराशी तयार असायचं.

एप्रिलच्या मध्यावर म्हशीचा पंचेचाळिसावा दिवस आला. दुपार होती. मी मोजा घातला, हात आत नेला आणि पडद्यावर बघत राहिले. काळं पाणी होतं, पण कमी. करडा दाणा होता, पण त्याच्या कडा विरल्यासारख्या. मधोमध काही हलत नव्हतं. मी हात थोडा फिरवला. दुसऱ्या बाजूने बघितलं. म्हैस शांत उभी होती, शेपटीने माशा वारत.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, पडद्याकडे नाही.

"न्हाई का?"

"नाही, मावशी."

"गाभडली?"

"तसं नाही. इतक्या लवकर बाहेर काही पडत नाही. आतच जिरून जातं."

"जिरतं म्हंजी? जातं कुटं?"

"कुठे नाही. तिच्याच अंगात."

मावशींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "मंग तिच्यापाशीच ऱ्हायलं म्हनायचं."

मी मोजा काढला, हात धुतले आणि वही उघडली. तक्त्यात एक रकाना होता, त्यात मी 'गर्भ-मृत्यू' असं लिहिलं. मग मावशींना काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "काळजी करू नका. फळतेय ना ती, हीच मोठी गोष्ट आहे. पुढच्या माजाला परत भरवू."

त्या हो म्हणाल्या. मी सामान आवरून निघाले तेव्हा त्या गाडीपर्यंत आल्या आणि खिडकीत वाकून म्हणाल्या, "पोरी, रागाला जाऊ नगस. दुपारचं पानी टाकलं असतं तर ऱ्हायलं असतं का गं? मी टाकनार व्हते. तू नगं म्हनलीस म्हनून न्हाई टाकलं."

मी काय उत्तर दिलं ते मला नक्की आठवत नाही. बहुतेक असं म्हणाले की एका म्हशीबद्दल असं सांगता येत नाही, फवारे असलेल्या गोठ्यांतही गर्भ जातात, पाणी टाकूनही गेला असता. हे सगळं खरं होतं. आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, नेहमी सांगायच्या की आपल्याला पुष्कळ म्हशींबद्दल बोलता येतं, एकीबद्दल कधीच बोलता येत नाही. पण मावशींना पुष्कळ म्हशींबद्दल विचारायचं नव्हतं. त्यांनी आपल्या एकीबद्दल विचारलं होतं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझी पुढची सोनोग्राफी होती. अकरावा आठवडा. मी एकटीच गेले होते. नवऱ्याची पाळी सकाळची होती आणि तो दुपारी थेट दवाखान्यात येणार होता. डॉक्टरांनी गार जेल लावलं, वर दोन-तीन साधे प्रश्न विचारले. उलट्या कमी झाल्या का? मी म्हणाले, हो, दोन आठवड्यांपासून बरंच बरं वाटतंय. हे म्हणताना मी हसले होते.

मग पडद्यावर चित्र आलं.

मी डॉक्टरांच्या आधी बघितलं. त्यांनी पडदा पटकन स्वतःकडे वळवला, पण तेवढा वेळ मला पुरेसा होता. अशी चित्रं मी त्या वर्षात किती बघितली होती. दाणा होता. मोठा होता, त्याला डोकं होतं, हाताच्या जागी बारीक कोंब होते. मधोमध काही हलत नव्हतं.

"डॉक्टर, पडदा इकडे करा," मी म्हणाले.

"जरा थांबा, मला नीट बघू द्या."

"मी पशुवैद्यक आहे. मला वाचता येतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पडदा वळवला. त्या लांबी मोजत होत्या. डोक्यापासून बुडापर्यंत एक तुटक रेघ ओढली आणि मशीनने खाली वय दाखवलं. आठ आठवडे, पाच दिवस. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले होते. म्हणजे मी त्या सगळ्या दिवसांत जपून जिने उतरत होते, डाव्या कुशीवर झोपत होते, लोणचं टाळत होते, आणि आत कोणी नव्हतं. उलट्या थांबल्या म्हणून मी आनंदात होते.

डॉक्टर चांगल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "हे फार जणींच्या बाबतीत होतं. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. आणि एक लक्षात घ्या, तुम्हाला दिवस जातायत ना, हीच मोठी गोष्ट आहे. पुढच्या वेळी नक्की होईल."

शब्दसुद्धा तेच. मी टेबलावर पडल्या पडल्या म्हटलं, "हो."

नवरा आला तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते. त्याच्या अंगावर कंपनीचा शर्ट होता आणि हातात शहाळं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ते शहाळं हळूच बाकाखाली ठेवून दिलं. पिशवी साफ करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल व्हायचं ठरलं. मला भूल दिली, मी जागी झाले, घरी आले. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की छतावरच्या पंख्याचं एक पातं बाकीच्यांपेक्षा मळकट होतं.

विश्रांतीसाठी मी लोणावळ्याला सासूबाईंकडे गेले. त्यांना सगळं एकदमच कळलं, दिवस गेले होते हे आणि आता ते नाहीत हेही. निवृत्त शिक्षिका, बोलणं मोजकं. त्यांनी मला एका शब्दानेही काही विचारलं नाही. सकाळी डिंकाचा लाडू बशीत ठेवायच्या आणि निघून जायच्या. मला तो खाववायचा नाही, कारण डिंकाचे लाडू बाळंतिणीला करतात. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. चौथ्या दिवसापासून बशीत नुसता शिरा आला.

मी तिथे पडून माझी शेतावरची वही वाचत होते. आठ आठवडे पाच दिवस म्हणजे कुठला दिवस, ते मी मोजून काढलं. मावशींच्या म्हशीचा गर्भ गेलेला मी पाहिला, त्यानंतरचा तिसरा दिवस. त्या दिवशी मी दोन गोठ्यांत गेले होते. दोन्हीकडचं दुपारचं तापमान माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी किती वेळ उभी होते, पाणी किती प्यायले, गाडी कुठल्या रस्त्याने आणली, सगळं आठवायचा प्रयत्न केला. मग दुसरी शंका आली. म्हशींना एक सांसर्गिक गर्भपाताचा आजार होतो, तो माणसालाही होऊ शकतो. माझ्या अभ्यासातल्या सगळ्या म्हशी आधीच तपासलेल्या होत्या, कोणालाच तो नव्हता. तरी मी माझं रक्त तपासायला दिलं.

रिपोर्ट आला. काहीही नव्हतं. नवरा म्हणाला, "बरं झालं." आणि मी त्याच्यावर ओरडले. मला काहीतरी सापडायला हवं होतं. जंतू, ऊन, माझी चूक, काहीही चाललं असतं. मग मॅडमना फोन केला. एवढी वर्षं त्या एकीबद्दलचं जे सांगत आल्या होत्या ते त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

जूनच्या सुरुवातीला मी पुन्हा गोठ्यांवर जायला लागले. मावशींकडे जायचं मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा गेले तर दाराशी स्टूल होतं. मी त्यावर बसले नाही. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांना कळलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, होतं असं, तू अजून तरुण आहेस. सगळे तेच म्हणत होते.

त्यांनी स्टूल उचलून आत नेलं. मग बाहेर येऊन माझ्याशेजारी ओट्यावर टेकल्या आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुटं ठेवलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. "काय?"

"लेकरू. कुटं ठेवलं त्येला?"

मी म्हणाले, "दवाखान्यात केलं सगळं, मावशी. भूल दिली होती."

"ते व्हय. पर मंग नेलं कुटं?"

"माहीत नाही."

"इचारलं न्हाईस?"

"नाही."

त्यांच्या विचारण्यात दोष देणं नव्हतं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, जसं आपण कोणाला विचारतो की तुमचं माणूस कुठल्या गावाला असतं. पण मला तिथे बसवेना. मी म्हशीचं तापमानही न घेता निघाले.

विद्यापीठात आमच्याकडे एक मोठा फ्रीझर होता, उणे ऐंशी अंशांचा. त्यात माझ्या म्हशींच्या रक्ताच्या नळ्या होत्या. प्रत्येक नळीवर म्हशीचा नंबर, तारीख, वेळ, माझ्या नावाची आद्याक्षरं. वीज गेली तर मी पळत जाऊन बघायचे. एक नळी एकदा चुकीच्या खणात गेली होती तर मी अर्धा दिवस शोधली होती. एवढं सगळं मला ठेवता येत होतं. आणि माझ्याच शरीरातून काढलेलं ते दोन-तीन सेंटिमीटरचं कुठे गेलं, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. खिडकीत एक सिस्टर होत्या. मी विचारलं. त्यांना आधी वाटलं मला तपासणीचा रिपोर्ट हवा आहे. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा आवाज खाली आला.

"मॅडम, ते सगळं पिवळ्या पिशवीत जातं. गाडी येते रोज न्यायला."

"कुठे नेते?"

"जाळतात. नियमच आहे तो."

पिवळी पिशवी मला माहीत होती. आमच्या प्रयोगशाळेतही तीच होती, वापरलेले मोजे, बोळे, रक्ताचा कापूस त्यातच टाकायचा. मी स्वतः तिला गाठ मारून दारात ठेवत असे.

"कोणी मागितलं तर देता का?" मी विचारलं.

"देतो की. फॉर्मवर तसं लिहावं लागतं. तुमच्या फॉर्मवर लिहिलेलं नसेल."

त्या शनिवारी आम्ही लोणावळ्याला सासूबाईंकडे निघालो होतो. गावात शिरायच्या आधीच गाड्यांची रांग लागली होती, पुण्यामुंबईकडची सुट्टीवर आलेली माणसं, टपांवर बॅगा, खिडक्यांतून बाहेर आलेले हात. आम्ही जागचे हलत नव्हतो. मी नवऱ्याला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. पिवळी पिशवी, गाडी, फॉर्म.

तो समोर बघत होता. म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"फॉर्म मीच भरला ना. तुला आत नेलं होतं. त्यात दोन चौकोन होते. नातेवाइकांच्या ताब्यात द्यावं, की दवाखान्याने विल्हेवाट लावावी." त्याने 'विल्हेवाट' हा शब्द जसा छापलेला असतो तसा उच्चारला. "मी दुसऱ्यावर खूण केली."

"का?"

"मला भीती वाटली. ते माझ्या हातात दिलं असतं तर मी काय केलं असतं? कुठे नेलं असतं? तू आत होतीस. मी एकटा होतो." मग म्हणाला, "सिस्टरने पेन दिलं आणि म्हणाली, लवकर करा. मी केली."

मला त्याचा राग आला, इतका की मी दाराच्या कडीला हात घातला. पुढची गाडी दहा फूट सरकली. आमची सरकली नाही. मागून हॉर्न वाजले. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, पाय क्लचवर होता आणि त्याला गिअर टाकता येत नव्हता. त्याचं सगळं अंग हलत होतं. सहा वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्या महिन्यात तो रोज कामावर जात होता, माझ्या गोळ्यांची वेळ सांभाळत होता, भाजी आणत होता. मला वाटायचं, त्याला माझ्याएवढं नाही लागलं.

मागच्या गाडीतला माणूस उतरून काच ठोठावायला लागला. मी उतरले, त्याला म्हणाले, "एक मिनिट द्या." मग पलीकडच्या बाजूला जाऊन नवऱ्याला सरकायला लावलं आणि गाडी चालवायला घेतली. सासूबाईंनी दार उघडलं, मुलाचा चेहरा बघितला आणि त्याला आत नेलं.

अभ्यास पूर्ण झाला. उत्तर आम्हाला वाटलं होतं तसंच निघालं. फवारे असलेल्या गोठ्यांत गर्भ कमी गेले. उष्णतेने रक्तातल्या संप्रेरकांवर काय होतं, तेही दाखवता आलं. शोधनिबंध छापून आला, कौतुक झालं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "फवारे असूनही ज्यांचे गर्भ गेले, त्यांचं काय?" मी म्हणाले, "सांगता येत नाही, सर." ते म्हणाले, "प्रामाणिक उत्तर." आणि पुढच्या पानावर गेले.

मावशींची म्हैस पुढच्या दोन माजांना भरवूनही राहिली नाही. ती आटली. पावसाळ्यानंतर मुलाने ती विकली. मी गेले तेव्हा दावणीला दोनच होत्या. मावशी म्हणाल्या, "मी घरात बसून ऱ्हायले. तिला टेंपोत चढवताना माझा आवाज आला असता तर चढली नसती ती." अभ्यासाचे फवारे आता उरलेल्या गोठ्यांतही बसवायचे होते, तसं मी सुरुवातीलाच सगळ्यांना कबूल केलं होतं. मावशींच्या गोठ्यात मी स्वतः पाइप धरून उभी राहिले. त्यांनी मला पुन्हा कधी त्या दुपारच्या पाण्याबद्दल विचारलं नाही. मी एकदा आपणहून म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला पाणी टाका म्हणायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "तुला काय ठावं व्हतं?" एवढंच. पण मला ठाऊक होतं. निदान शंका होती. शंका होती म्हणून तर अभ्यास करत होते.

त्यानंतर मला पुन्हा दिवस गेले नाहीत. दीड वर्ष आम्ही उपचार चालू ठेवले आणि मग एके दिवशी, न बोलता, पुढची तारीख घेतली नाही. मी आता एका महाविद्यालयात शिकवते. मुलांना हृदयाची वाढ शिकवताना पाठ्यपुस्तकातलं चित्र फळ्यावर काढते. ते चित्र फार स्वच्छ असतं.

घरात त्या बाळाबद्दल आम्ही बोलत नाही. मला वाटत होतं की दिवस फक्त मीच मोजते. मनातल्या मनात, आता बसायला लागलं असतं, आता चाललं असतं. नवऱ्याला तारखा लक्षात राहत नाहीत, आमच्या लग्नाचीसुद्धा. या जूनमध्ये एका सकाळी आम्ही तळेगाव स्टेशनच्या चौकात सिग्नलला थांबलो होतो. शेजारी शाळेची पिवळी बस होती. खिडकीत एक अगदी लहान मूल डबा उघडून आत बघत होतं.

नवरा म्हणाला, "यंदा नर्सरीत घातलं असतं."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. "नोव्हेंबरचं आहे," मी म्हणाले. "वर्गात सगळ्यांत लहान पडलं असतं. मी पुढच्या वर्षी घातलं असतं."

त्याने थोडा वेळ विचार केला, खरंच ठरवायचं असल्यासारखा. सिग्नल सुटला. त्याने गिअर टाकला.

"हो," तो म्हणाला. "एक वर्ष घरीच राहू दे."